माती कोणी भरली

निवृत्तीभाऊ,

मी तुम्हाला फोन केला तो भांडायला. पालापाचोळ्याचं खत सोमवारी पाठवतो म्हणाला होतात आणि मंगळवार उजाडला तरी एक पोतं आलं नव्हतं. फोन तुमच्या सुनेने उचलला. म्हणाली, "आण्णा गेले." मी विचारलं, कुठे, आणि येणार कधी? आणि तेवढ्यावर न थांबता आणखी पुढे गेलो. "आला की सांग त्याला, असं न कळवता जायचं नसतं." मग तुमच्या सोपानने तिच्या हातातून फोन घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, साहेब, आण्णा वारले.

माझे सगळे गाढवपणे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. एवढा एकच तुमचा हुकला. असतात तर आठवडाभर पुरवून पुरवून हसला असतात.

आणखी एक खुलासा आधीच करतो. आयुष्यभर मी तुम्हाला "ए निवृत्ती" म्हणालो. तुम्ही माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, आणि तुम्ही मला सायेब म्हणायचात. आता मी अहो-जाहो करतोय ती काही माझ्यात झालेली सुधारणा नव्हे. मेलेल्या माणसाला मान द्यायला काही खर्च पडत नाही. तो वळून विचारत नाही, की आजच कसा काय?

दहाव्याला सोपानने मला बाजूला घेतलं. पोरगा मोठा झालाय, तुमच्यासारखाच मान तिरकी करून बोलतो. म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहिता. आमच्या समाजाच्या मासिकात आण्णांवर चार शब्द लिहून द्या." मी हो म्हणालो. मग तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "फक्त ते आंब्याचं नका लिहू. लोक अजून बोलतात, ह्याच्या बापानं झाड मारलं. आईला लागतं."

"नाही लिहिणार," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की मलाच माझं कौतुक वाटलं. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि लक्षात आलं, आंबा सोडून मला तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही येतच नाही. तेव्हा दिलेला शब्द मोडतो. तुम्हाला दिलेले किती पाळले ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला कर्णिकबाईंचा तो काळ्या दगडाचा बंगला. कुणा इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला, बाईंच्या सासऱ्यांनी घेतलेला. दीड हात जाड भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे दोन जांभळी आणि पुढच्या अंगणात तो रायवळ आंबा, ज्याच्या खाली भर दुपारीही बाईंना पेपर वाचायला दिवा लागायचा. झाडाखाली गवताची काडी टिकत नव्हती. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून नुकत्या निवृत्त झालेल्या, तुम्ही त्यांचे माळी, आणि जन्मापासून निवृत्त. हा विनोद मी पहिल्याच दिवशी केला. हसलो एकटा मीच.

मी तेव्हा सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून पोस्टाने बागरचना शिकलो होतो. पोस्टाने पोहायला शिकावं तितपत. कार्डं छापून आणली त्यात एक काना राहिला, उद्यानरचनाकारचा झाला उद्यानरचनाकर. तुम्ही ते अक्षर अक्षर लावून वाचलंत आणि गंभीरपणे विचारलंत, "हा नवीन कर निघाला का सायेब? कुठं भरायचा?"

मी बाईंना गुलाबाचे ताटवे आणि हिरवळीचा आराखडा दाखवला. तुम्ही मागे उभे राहून एवढंच म्हणालात, की सायेब, अंधारात गुलाब लावून त्याला कंदील दाखवायचा का? बाई हसल्या. आराखडा गेला. फुलांवर पोट भरणाऱ्या घरात जन्मलेला माणूस सांगत होता, इथे फुलाचा नाद सोडा, पान लावा. पानापानात किती फरक असतो तो बघा. कल्पना तुमची. आठवड्याने मी तीच कल्पना स्वच्छ कागदावर काढून माझी म्हणून आणली आणि तुम्हाला समजावून सांगायला लागलो. "निवृत्ती, या बागेत रंग नाही, पोत महत्त्वाचा. लक्षात आलं का? पोत."

"आलं की," तुम्ही म्हणालात. "किती पोती आणू?"

तुम्हाला पोत म्हणजे काय ते कळत होतं की नव्हतं, हे मला पुढच्या थंडीत समजलं. त्याआधी चिठ्ठीचं सांगतो.

सावलीत जगणारी रोपं हवी होती. मी तुमच्या हातात चिठ्ठी दिली: सावलीची झाडं, चाळीस. दोन दिवसांनी घोटीहून टेम्पो आला. आत चाळीस करंज. उद्या वाढून अख्ख्या गल्लीवर सावली धरतील असे, पुरुषभर उंचीचे. मी बाईंसमोर तुमची जी खरडपट्टी काढली ती आठवली की आजही मला वाक्यं तोंडपाठ येतात, कारण नंतर कितीतरी वर्षं मी ती म्हणून दाखवत होतो. अरे, सावलीत लावायची झाडं म्हणालो होतो, सावली पाडणारी नाही. इथे आधीच पाताळ आहे, आणखी चाळीस छत्र्या कशाला उघडतोस? लग्नाच्या पंगतीत, मित्रांच्या बैठकीत हा माझा हुकमी किस्सा. चिठ्ठीवर बोट ठेवून तुम्ही कसं वाचलं असेल, त्याची नक्कलही करायचो. एका लग्नात मी रंगात आलो होतो आणि मांडवाला माळा लावायला आलेले तुम्हीच मागे उभे होतात. मी तुम्हाला पाहिलं. थांबलो नाही. उलट म्हणालो, हा बघा, हाच तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही हसलात.

चाळिसातले अकरा करंज तुम्ही कंपाउंडाच्या पश्चिमेला लावून टाकलेत, बाकीचे आपल्या बांधावर नेलेत. मी म्हटलं, कशाला? तुम्ही म्हणालात, आलेलं रोप माघारी पाठवत नाय. मग मी खाजगीत विचारलं, खरं सांग, चुकून आणलेस की मुद्दाम? त्यावर तुम्ही म्हणालात, "कागदावर काय लिवलंय ते वाचा ना सायेब." हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

थंडीत तुम्ही पेठकडे बहिणीच्या गावी जाऊन डोंगरातून रोपं आणलीत. नेचे, रानहळदीचे गड्डे, सोनटक्का, शेवाळ धरलेले दगडसुद्धा. मला म्हणालात, डोळे मिटा आणि हात पुढं करा, पोत दाखवतो. मी मिटले. तुम्ही एकेक पान हातावर ठेवत गेलात. हा खरखरीत नेचा. हे रानहळदीचं शिरांचं पान. हे अळू, पाण्याचा थेंबही ज्याच्यावर ठरत नाही ते. मी ओळखत होतो आणि मनातून खूश होत होतो. शेवटी तुम्ही एक शेंग ठेवलीत. मी तिच्यावरून बोटं फिरवली, मनगटावर घासली आणि म्हणालो, वा, अगदी मखमल.

खाजकुयली होती ती. मी अंगणभर नाचलो. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात बुडवले, तेवढ्यात बाई पाहुण्यांना नवी बाग दाखवायला बाहेर आल्या. तुम्ही खराट्यावर हनुवटी टेकून उभे होतात. म्हणालात, "आला का पोत लक्षात?"

हिशेब बरोबर होता. एवढ्यावर आपण थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

बागेने अंग धरलं. तुमचे नेचे, तुमची हळद, माझा आराखडा. मला मात्र मधोमध काहीतरी डोळ्यांत भरेल असं हवं होतं. मी आंब्याच्या बुंध्याभोवती दगडांचं गोल कडं काढलं, आत दोन फूट माती आणि वर नेच्यांचा उंच वाफा. तुम्ही कागद पाहिलात आणि परत दिलात.

"खोडाला माती नाय चढवायची. नाकातोंडात जाईल त्याच्या."

"झाडाला नाक कुठे असतं रे?"

"नाय ना. म्हणून तर त्याला नाक कापायची भीती नाय. तुमाला हाय."

हे बाईंच्या व्हरांड्यापासून पंधरा पावलांवर. त्यांनी ऐकलं असेल की काय, या भीतीने माझे कान तापले. मी आवाज चढवला. या बागेचा रचनाकार कोण, ते एकदा ठरवू या म्हणालो. तुम्ही दोन दिवस माती हलवली नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, जमत नसेल तर बाईंना सांगून दुसरा माणूस बघतो. तेव्हा तुम्ही घमेलं उचललंत. चार दिवस भरत होतात. भरताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत, आणि मला वाटलं, जिंकलो.

नंतर एका पेपरच्या पुरवणीत बागेवर छापून आलं. फोटोत माझा हात आंब्यावर आहे, धन्याने बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. फोटोच्या वेळी तुम्ही शेजारीच होतात. मीच म्हणालो, निवृत्ती, जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय.

आंब्याने पाच वर्षं घेतली. आधी मोहोर विरळ झाला, मग शेंडे वाळले, मग फांद्या. तुम्ही दोनदा म्हणालात, अजून वेळ आहे, माती काढू या. मी दोनदा म्हणालो, कीड असेल, औषध मारू. शेवटी बाईंचे एक नातेवाईक आले, शेतीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बुंध्याची माती काठीने उकरली तर साल ओली होऊन हातात आली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. ते म्हणाले, हे झाड आजारी पडून मेलेलं नाही, मुळं घुसमटवून याला मारलंय.

बाई पायरीवर उभ्या होत्या. आपण दोघे खाली.

"माती कोणी भरली?" त्यांनी विचारलं.

तीन शब्दांचा प्रश्न. "कोणी सांगितली" असं विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलताना माझा चेहरा मला फसवतो. पण बाईंनी विचारलं, भरली कोणी. मला दार उघडं दिसलं.

"निवृत्तीने," मी म्हणालो.

इतकं चोख खरं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग हातांकडे पाहिलंत. म्हणालात, "व्हय. भरली मीच."

बाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. तुम्ही खराटा जांभळीला टेकवून ठेवलात आणि गेलात.

त्यानंतर गंगापूर रोडच्या एकाही बंगल्याने तुम्हाला दारात उभं केलं नाही. कुणी चोर म्हणालं असतं तर तुम्ही त्यातून सुटलाही असतात. झाड मारणारा माळी, यातून कुठला माळी सुटतो? तुम्ही मखमलाबादच्या अर्ध्या एकरात पालक-मेथी केलीत आणि जुड्या घेऊन बाजारात बसायला लागलात. मला त्याच रस्त्यावर आणखी तीन बागा मिळाल्या.

तुमच्या त्या "भरली मीच"चा अर्थ मी पाच वर्षं लावत होतो. कधी वाटायचं, माणूस मोठा, मला झाकलं. बहुतेक वेळा वाटायचं, माणूस बेरकी, मला कायमचा मिंधा करून गेला. मिंधेपणाचा राग यायचा. तुमच्यावर. अन्याय मी केला आणि रागही मलाच आला, असा माझा एकूण कारभार.

आंबा तोडला आणि आकाश धाडकन अंगणात उतरलं. त्या मे महिन्यात नेचे आठ दिवसांत कुरकुरीत झाले, शेवाळ पापडासारखं सुटून आलं. हिरवं राहिलं ते फक्त पश्चिमेचं. तिथे अकरा करंज आता छपरापर्यंत गेले होते आणि दुपारचं सगळं ऊन अंगावर घेत होते. त्यांच्या पायाशी तुमचा सोनटक्का सुखात होता. मी तिथे उभा राहिलो. हसायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही पालकाच्या जुड्या बांधत होतात. मी क्षमा मागायला आलो असं वहिनींना वाटलं असावं, त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, नेचे जळताहेत. तुम्ही जुडीची गाठ मारलीत, मग म्हणालात, "येतो. बाईंच्या तोंडापुढं नाय."

तेव्हापासून दुपारी दोन ते चार, बाई झोपल्यावर, मागच्या फाटकाने. ज्या बंगल्यात तुमचं आयुष्य गेलं तिथे तुम्ही चोरासारखे शिरत होतात आणि पहारा मी देत होतो. अख्खी बाग उचलून आपण करंजांखाली नेली. कडेला दाट सोनटक्का, मधे नेचे, खाली हळद, जी उन्हाळ्यात मेल्याचं सोंग घेते आणि पाणी पडलं की निर्लज्जासारखी परत येते. आता कुठल्याही उन्हाळ्यात ती बाग मरत नाही. लोक बघायला येतात. मी माहिती देतो.

आल्या आल्या तुम्ही आंब्याच्या खुंटावर तळहात ठेवून थोडा वेळ बसायचात, मग कामाला लागायचात. एकदा मी म्हणालो, "काय रे, बसायला येतोस का इथे?" तुम्ही उठलात.

तुमचा तेरावा झाल्यावर मी कर्णिकबाईंकडे गेलो. म्हटलं, सुरुवात तिथून करावी. बाई आता थकल्यात, पण जीभ शाबूत. मी सांगितलं, ती माती निवृत्तीने भरली, पण माझ्या सांगण्यावरून. तो नको म्हणत होता.

बाई म्हणाल्या, "तुमचा आराखडा माझ्या कपाटात आहे. खालची सही मला वाचता येते."

"मग तेव्हा त्याला का काढलंत?"

"तुमचं नाव पेपरात आलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि माळी दुसरा मिळतो."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मग विचारलं, मिळाला का कुणी? करंजांखाली फार कचरा झालाय.

घरी येऊन मी हे सगळं, म्हणजे वरचं, लिहून काढलं. छापायला देण्याआधी सोपानला दाखवावं म्हणून काल मखमलाबादला आलो. तो ओट्यावर उभ्याने वाचत होता. आंब्यापाशी आला तसा खाली बसला. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हात उचलेल, आणि खरं सांगू, उचलला असता तर माझी सोय झाली असती. त्याने कागद माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "आईला वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा."

वहिनी मेथी निवडत होत्या. मी वाचलं. रंगवून सांगणारा माणूस मी, पण आवाज असा निघत होता की शेजारच्या शेळीनेही मान वळवून पाहिलं. "निवृत्तीने" या शब्दापाशी वहिनींचे हात थांबले. पुढचं त्यांनी खाली बघतच ऐकलं. मी कागदाची घडी घातली आणि तुमच्या त्या "भरली मीच"पाशी परत आलो. म्हणालो, वहिनी, मला वाटायचं तो मला झाकतोय.

त्यांनी मान हलवली. "तुमाला कशाला झाकतील? त्यांना तसंच वाटायचं. म्हनायचे, सांगनारा सांगून गेला, पन हात माझे व्हते. मला ठावं व्हतं आन तरी म्या भरली. झोपेत घमेलं उचलल्यागत हात करायचे."

मग त्या म्हणाल्या, "पाच वर्सं ह्या घरात आंबा नाय आला, सायेब. आनू द्यायचे नाय. नातवंडं दुसऱ्याच्या दारात खाऊन तोंड धुऊन यायची. आखाजीला पितरांच्या ताटात सारं गाव आंब्याचा रस वाढतं. आमी गुळवणी वाढायचो."

सोपान आत निघून गेला.

"आता आखाजी आली तोंडावर," वहिनी म्हणाल्या. "आता पितर म्हनजे तेच. रस वाढू का नको? तुमीच सांगा. तुमच्याच सांगन्यावर सारं झालं."

निवृत्तीभाऊ, मी "वाढा" म्हणालो. एवढं एकदा माझ्या सांगण्यावरून खा.